पांढरं मूळ

दिवसभर मी लोकांना तोंड उघडायला सांगते. आ करा, अजून मोठं, हं, असंच राहा. आणि एका गोष्टीबद्दल माझं स्वतःचं तोंड मात्र आजवर कोणापुढे उघडलेलं नाही — नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही. आई शेवटी आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगावं असं फार वाटलं. तेव्हाही नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही माझ्या खुर्चीत कधी बसणार नाही म्हणून.

मी दातांची डॉक्टर. ब्रह्मपुरीत बसस्टँडपासून जवळच माझा दवाखाना आहे — खाली मोबाइलचं दुकान, वर मी. तोंडाची मी फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. खर्रा खाऊन आलेल्याला खुर्चीत बसूच देत नाही. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही — सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकमध्ये घालून चोळ चोळ चोळायचा आणि गालात धरायचा. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे. पाहुणा आला की पाणी नंतर, खर्रा आधी. अशा माणसाला मी नळाकडे बोट दाखवते आणि म्हणते, 'तोंड आहे का उकिरडा?' लोक हसतात. 'मॅडम लय कडक, पन हात हलका,' असं म्हणतात. हात हलका! हे ऐकलं की मी कपाटात काहीतरी शोधायला लागते.

आधी तुम्हाला एक समजावून सांगावं लागेल, नाहीतर मी केलं काय हेच कळायचं नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ साल असते — जिवंत, ओलसर, बारीक बारीक धाग्यांची. दात त्या धाग्यांवर तोललेला असतो. मार लागून अख्खा दात बाहेर आला, तर त्या सालीचा अर्धा भाग मुळाला चिकटून येतो. गुलाबीसर दिसतो. ती साल जिवंत असेपर्यंत दात परत त्याच्या जागी बसवला तर लागतो, चांगला लागतो. पण साल मेली, तर शरीर त्या मुळाला दात समजतच नाही. हाडाचाच तुकडा समजून हळूहळू खाऊन टाकतं. म्हणून पहिला धडा काय? पडलेला दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा. मुळाला बोट लावायचं नाही. घासायचं तर मुळीच नाही. फार तर सलाइनची धार सोडायची आणि लगेच बसवायचा.

हे मला येत नव्हतं असं समजू नका. मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृती काढून. पाठ होतं मला.

मंदाबाई आली ती भाताच्या रोवणीच्या दिवसांत. दवाखाना नवीन होता, पेशंट कमी, मी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायची. जीपमधून एक बाई उतरली, चिखलानं पोटऱ्या भरलेल्या, आणि तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. पोरगी पायल, सहावीत. गावातल्या बोरिंगच्या हातपंपावर पाणी भरताना दांडा सुटला आणि सरळ तोंडावर बसला. वरचा पुढचा एक दात गेला. पायलचा बाप भाऊराव तलावावर जाळं टाकायला गेलेला, म्हणून ही एकटीच घेऊन आली.

मी विचारलं, 'दात कुठे आहे?' हात सोडवेनात तिला. मग ती माझ्यापुढे वाकली आणि तिनं गालातून दात काढून माझ्या हातावर ठेवला.

'हात रिकामे नोयते जी,' ती म्हणाली. 'पडन कुठी म्हनून तोंडातच धरला.'

तुम्हाला माहीत आहे का — त्या बाईनं न कळत किती बरोबर केलं होतं? पडलेला दात दुधात ठेवून आणावा; दूध हाताशी नसेल तर लाळेतला दात कोरड्या फडक्यातल्या दातापेक्षा कितीतरी बरा. साल ओली राहते. आणि ती आली होती लगेच. मूळ माझ्या हातात होतं, गुलाबी, जिवंत. अशी केस पुस्तकात असते.

पण मंदाबाई खर्रा खायची. तिच्या तोंडातून दाताबरोबर आली ती काळपट तांबडी लाळ, सुपारीचे कण, रक्त, आणि तो वास. माझ्या हातमोज्यावरून ती लाळ मनगटापर्यंत ओघळली. मी वळले आणि बेसिनपाशी गेले.

सांगते. थांबा जरा, सांगते.

कवळ्या धुवायचा एक कडक ब्रश माझ्याकडे असायचा. मी स्पिरिट ओतलं आणि तो दात घासला. मूळ घासलं. खालून वर, वरून खाली, फिरवून फिरवून. दातावर स्पिरिट नसतं घालायचं, हे मला माहीत होतं. घासताना माहीत होतं! पण हात थांबेना. मला तो वास जायला हवा होता, बस्स. मूळ पांढरंशुभ्र झालं, चुन्याच्या खड्यासारखं. मग मी भानावर आले. बेसिनच्या भांड्यात गुलाबी पाणी फिरत होतं.

घाई होती, नवखी होते, घाबरले होते — यातलं काहीच खरं नाही. मला घिन आली होती. एवढंच. आणि ही घिन मला यावी? माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून आई ही गोष्ट सांगायची, आणि मी लहानपणी रडायची. घिन म्हणजे काय हे आमच्या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली होती. आणि मी डॉक्टर होऊन काय केलं? तर एका मासे धरणाऱ्या घरातल्या बाईचं तोंड तिच्या पोरीच्या दातावरून घासून काढलं.

दात मी बसवला. तार लावून बाजूच्या दातांना बांधला. हात खरंच हलका होता, पोरगी फार रडली नाही. मंदाबाई खुर्चीच्या मागे उभी होती. तिनं विचारलं, 'पऱ्हा उपटून बांधीत रोवला का लागते नाई का मॅडम, तसा लागन का हा?' मी म्हटलं, 'लागेल.' पऱ्ह्याची, भाताच्या रोपाची मुळी कोणी घासून रोवतं का हो? तिनं तर सकाळपासून तेच काम केलेलं होतं. बेसिनपाशी माझी पाठ तिच्याकडे होती. ब्रशचा आवाज तिला ऐकू गेला असेल का? हे मी आजही स्वतःला विचारते.

पुढे दाताची नसही मी साफ केली, औषध भरलं, सगळं रीतसर केलं. दात दिसायला सुरेख. भाऊराव एकदा ओले शिंगाडे घेऊन आला होता. मी घेतले, खाल्लेही.

मग एके दिवशी तपासताना मी आरशाच्या दांडीनं पायलचे दात ठोकून पाहिले. शेजारचे वाजले तसे वाजायला हवेत — टक, टक. तो मात्र वाजला टण. धातूवर मारल्यासारखा. ज्यांना कळत नाही त्यांना वाटेल, वा, किती पक्का बसला! मला कळत होतं. साल मेली, आता मूळ थेट हाडाला चिकटलं, आता हाड ते खाणार. एक्स-रे काढला. मुळाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. पायलनं विचारलं, 'चांगला हाये ना?' मी तिच्या गालाला हात लावून म्हटलं, 'छान आहे.' तो टण अजूनही मला ऐकू येतो — भांडी घासताना चमचा ताटावर पडला तरी.

पोरगी वाढत होती. जबडा वाढला, बाकीचे दात खाली आले, तो एक हाडाला चिकटलेला, तिथंच राहिला. आखूड दिसायला लागला. शाळेतली पोरं चिडवायला लागली. मग तो काळसर पडला, हलायला लागला. आणि मंदाबाई पायलला घेऊन आली, या खेपेला भाऊराव आणि सासू दोघंही बरोबर. तिनं सरळ विचारलं, 'काऊन असं झालं जी? तुमी तं म्हनलं होतं लागन म्हनून.'

सासू बघत होती. भाऊराव बघत होता. बाहेर दोन पेशंट बसलेले, पडदाच काय तो मध्ये. माझी दातखीळ बसायला हवी होती त्या क्षणी. नाही बसली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

मी म्हटलं, 'तुम्ही दात तोंडात धरून आणला ना, मंदाबाई. खर्ऱ्याचं तोंड. तंबाखूनं मुळाची साल मेली.'

बघा, किती सोपं होतं. त्यात शास्त्र होतं, मुळाची साल होती, मेली हेही खरंच होतं. फक्त मारणारी बदलली. सासू म्हणाली, 'पाह्य! मी सांगत नोयती का? थुंक त्या खर्ऱ्याले!' मंदाबाईचा हात वर गेला आणि तिनं पदर तोंडावर धरला. तेव्हाचा तो पदर. नंतर मी तिला कधीही पदराशिवाय बोलताना पाहिलं नाही.

तिनं त्या दिवसापासून खर्रा सोडला. एकदम सोडला. तुम्ही म्हणाल, झालं की चांगलं! मीही हेच म्हणत होते. मनातल्या मनात किती वेळा म्हणाले. त्याच सुमारास आम्ही काही डॉक्टर मिळून गावोगाव खर्रा सोडवायची शिबिरं घ्यायला लागलो होतो. आणि मी — माझी हिंमत बघा — मी मंदाबाईला बोलवायला लागले. पोंभुर्ण्याकडे, आलापल्लीकडे, कुठं कुठं नेलं तिला. माझी भाषणं ऐकताना लोक जांभया द्यायचे. ती उभी राहायची, पदर तोंडावर, आणि एवढंच म्हणायची, 'मायबहिनींनो, पडलेला दात मी तोंडात धरला. माह्या तोंडानं माह्या पोरीचा दात खाल्ला. तुमी खर्रा खाऊ नोका.' बाया डोळे पुसायच्या. कितीतरी जणींनी तिथल्या तिथं पुड्या फेकल्या. मग माझा सत्कार व्हायचा, शाल आणि नारळ. मंदाबाई खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायची.

आणि मग दात यायला लागले.

पहिला आणला एका पोराच्या आईनं. पोरगं सायकलवरून पडलेलं. तिनं पदराची गाठ सोडली, आतली पुडी उघडली आणि दात माझ्यापुढे ठेवला. कोरडा ठणठणीत. पांढराशुभ्र. मूळ कसं चकचकीत. मी विचारलं, 'याला काय केलं?' ती अभिमानानं म्हणाली, 'राखेनं घासून घासून धुतला जी. तोंडात नाई धरला. त्या मंदाबाईनं सांगतलं होतं ना शिबिरात, तोंडात धरला का सडते म्हनून.'

मी तो दात हातात धरून उभी राहिले. बापा रे — मंदाबाई माझं खोटं घेऊन गावोगाव फिरली होती. नव्हे, मीच तिला फिरवलं होतं, माझ्या गाडीतून. मग आणखी आले. विटेच्या भुकटीनं घासलेले, साबणानं घासलेले. लेकरांच्या आया बिचाऱ्या, मन लावून घासायच्या! पूर्वी आमच्याकडं लोक निदान दात होता तसा तरी आणायचे. आता शिकून, ऐकून, नीट मारून आणत होते. एकही लागला नाही.

त्यानंतर मी शिबिरात सांगायला लागले, दात दुधात टाकून आणा, मूळ घासू नका. हे माझ्या बाजूनं सांगत नाहीये. कारण ते सांगताना मंदाबाई पुढेच बसलेली असायची आणि मी तिच्याकडं बघायचं टाळायची. मूळ घासू नका — हे तिनं माझ्याच तोंडून ऐकलं. तिला काहीच आठवलं नसेल? का आठवलं, आणि डॉक्टरबाई असं करणारच नाहीत म्हणून तिनं ते मनातून काढून टाकलं? मी तिला विचारू शकत नाही. विचारायचं तर सांगावं लागेल.

पायलचा दात पुढे गेलाच. आता ती काढता-घालता येणारा नकली दात लावते. लग्न झालं, बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. मागच्या थंडीत दोघी आल्या, बाळाला घेऊन. पायलचा नकली दात सैल झाला होता. मंदाबाई तिच्या स्वतःच्या दातांसाठी आली होती.

तिच्या हिरड्या गेलेल्या होत्या. खर्रा सुटला तरी आधीच्या वर्षांचं नुकसान झालेलं होतं, मुळं उघडी पडलेली, दात हिंदकळत होते. बरेच मी आधीच काढलेले. उरलेल्यातले हलणारे काढावेच लागणार होते. पण खालचे दोन सुळे — ते पक्के होते. ठोकून पाहिले. टक, टक. कितीतरी वर्षं टिकले असते, कवळीला आधार झाला असता. मी तसं सांगितलं.

ती म्हणाली, 'तेबी काढा जी. सगळे काढा.'

'अहो पण का? चांगले आहेत.'

तिनं पायलकडे बघितलं. पायल हसत म्हणाली, 'काही नाई मॅडम, आईचं येडपट असते. नातीचा मुका घेत नाई थे. पोरगी झाल्यापासून एकदाबी नाई. उचलते, खेळवते, पन तोंड तिकडं वळवते. म्हनते माह्यं तोंड वाईट हाये.'

मंदाबाई पदराआडून हळूच म्हणाली, 'सगळे निंगले का मंग साफ होइन नाई का, मॅडम? मंग घेईन मुका.'

खोलीत आम्ही तिघी आणि ते बाळ. दार लावलेलं होतं. बाहेर कोणी नव्हतं, सासू वारलेली, भाऊराव गावी. मला थांबवणारं काय होतं? एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'मंदाबाई, तुमच्या तोंडानं काही झालं नाही, मी घासला तो दात.' मी ते आत जुळवलंसुद्धा. जिभेवर आलं होतं. आणि मी हात पुढे करून ट्रेमधली बधिर करायची सुई उचलली.

हलणारे आधी निघाले, मग दोन्ही सुळे काढले. सोपं नव्हतं, घट्ट होते, वेळ लागला. दात निघाले तेव्हा मुळांना साल होती — गुलाबी, ओली, जिवंत. मी ती बघितली. अशीच होती पायलच्या दातावरची.

कापूस दाबून, परत पदर तोंडावर धरून ती थोडा वेळ बसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. बोलता येत नव्हतं, ओठ बधिर. बोट स्वतःच्या तोंडाकडं नेलं, मग बाळाकडं. विचारत होती.

मी म्हटलं, 'हो. आता साफ झालं. घ्या.'

तिनं पदर खाली घेतला. खुर्चीत उघडलेलं तोंड सोडलं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा पूर्ण बघितला, गाल आत गेलेले, ओठ वाकडे. पायलनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. मंदाबाईनं आधी कापूस काढून पदरानं ओठ पुसले, परत पुसले, आणि मग बधिर ओठ बाळाच्या कपाळाला लावले. कुठं लागले ते तिला कळलंही नसेल. बाळाच्या कपाळावर रक्ताचा बारीक ठसा उमटला. तो तिनं लगेच घाबरून पुसला आणि माझ्याकडं बघितलं, मी रागावते की काय म्हणून.

जाताना दारात तिनं मला हात जोडले. 'तुमचे लय उपकार हायेत, मॅडम,' असं काहीतरी त्या बधिर तोंडानं म्हणाली. मी म्हटलं, 'गरम काही खाऊ नका आज. जखमा भरल्या की कवळीचं माप घेऊ.'

जिन्यावरून त्यांची चाहूल गेली. मी ट्रे उचलून बेसिनपाशी नेला. बाकीच्या दातांबरोबर ते दोन सुळे त्यात होते. नळ सोडला, आणि दात न धुता तसाच बंद केला.